हिंवाळ्यांतील आपला राखणदार

विद्यार्थ्याच्या अंगीं जीं पांच लक्षणें असावींत असें आपले पूर्वज सांगत आले, त्यांत श्वाननिद्रा हें एक आहे. निजावें तें कुत्र्याप्रमाणें सावध निजावें, पान हललें तरी डोळा उघडावा, असा त्याचा भावार्थ. हें लक्षण पाठ म्हणणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतात. परंतु ज्याच्यापासून तें शिकावयाचें तो प्राणी पौषाच्या रात्रीं कोठें निजतो, कशावर निजतो, आणि त्याची ती निद्रा सावधपणामुळें मोडते कीं थंडीमुळें मोडते, याचा विचार करणारे थोडेच. आपल्या बोलण्यांतही कुत्र्याचा उल्लेख बहुधा अनादराचाच असतो. ज्याला कोणी विचारीत नाहीं त्याचें जिणें कुत्र्याचें, आणि जो बेवारशी मरतो तो कुत्र्याच्या मौतीनें मेला, असें आपण सहज म्हणून जातों. ज्याला आपण उपेक्षेचें माप ठरविलें, तोच आपल्या दारांत रात्रभर जागा असतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आमच्या वाचकांपैकीं कांहींचीं घरें शहरांत आहेत, कांहींचीं शेतांवर व मळ्यांत आहेत. नाशिक, पुणें, अहिल्यानगर या पठारी मुलुखांतील थंडी सर्वांच्या ओळखीची आहे. निफाडच्या द्राक्षमळ्यांत कांहीं वर्षीं पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खालीं उतरतो, आणि महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं पहांटेचें दंव गोठून पांढरें दिसतें. अशा ऋतूंत घरच्या कुत्र्याची व दारच्या कुत्र्याची काळजी कशी घ्यावी, आणि कां घ्यावी, हें ह्या लेखांत सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे. यांतील शास्त्राचा भाग मुलांनीं वहींत उतरून घ्यावा. व्यवहाराचा भाग मुलांनीं व पालकांनीं मिळून वाचावा, अशी आमची विनंति आहे.

फार जुनी सोबत

मनुष्यानें पाळलेल्या सर्व जनावरांत कुत्रा सर्वांच्या आधीं आला. गाय, शेळी, मेंढी यांचें पालन शेतीच्या युगांत सुरू झालें. कुत्रा मात्र मनुष्य शिकारीवर निर्वाह करीत होता तेव्हांपासून त्याच्या शेकोटीजवळ आहे. जर्मनींत बॉन शहराच्या हद्दींत ओबरकासेल येथें सन १९१४ मध्यें दगडाच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांस एक अति प्राचीन थडगें सांपडलें. त्यांत एक पुरुष, एक स्त्री व त्यांच्यासोबत एका कुत्र्याचे अवशेष होते. तें दफन सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचें, म्हणजे हिमयुगाच्या अखेरच्या काळांतील आहे. सन २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत त्या कुत्र्याचे दांत तपासण्यांत आले. तेव्हां असें दिसून आलें कीं, तें सहा-सात महिन्यांचें पिलूं होतें, आणि मरणापूर्वीं कित्येक आठवडे तें कठीण दुखण्यानें, बहुधा डिस्टेंपर नामक रोगानें, पीडलेलें होतें. असलें आजारी पिलूं शिकारीच्या उपयोगाचें नव्हे व राखणीच्याही उपयोगाचें नव्हे. तरी तें त्या दुखण्यांत इतके दिवस जगलें, यावरून संशोधकांनीं असा निष्कर्ष काढिला कीं, कोणीतरी त्यास ऊब दिली असली पाहिजे, पाणी पाजलें असलें पाहिजे व स्वच्छ ठेविलें असलें पाहिजे.

ज्यांस घर नव्हतें, कापड नव्हतें, धान्याची कणगी नव्हती, अशा लोकांनीं हिमयुगांत हें केलें. यास्तव कुत्र्यास थंडींत जपणें हा आजच्या सुखवस्तु लोकांचा नवा छंद आहे, असें कोणी म्हणूं लागल्यास तें खरें नाहीं. हा मनुष्यजातीच्या अतिशय जुन्या शेजारधर्मापैकीं एक आहे.

थंडी कुत्र्यास कशी बाधते

“त्याला देवानें केंस दिले आहेत, त्याला कसली थंडी?” असें पुष्कळ लोक म्हणतात. देवानें केंस दिले हें खरें. पण किती दिले व कोणास दिले हें पाहिलें पाहिजे.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचें तापमान सुमारें ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतें, म्हणजे आपल्यापेक्षां एक-दोन अंशांनीं अधिक. बाहेरची हवा १० अंशांवर असतां त्यास आंत व बाहेर सुमारें २८ अंशांचें अंतर राखावें लागतें. हें अंतर राखण्यास जळण लागतें, आणि तें जळण म्हणजे अन्न. शरीराची उष्णता चार वाटांनीं बाहेर जाते. थंड फरशीस अंग टेकलें म्हणजे ती वहनानें जाते; अंगावरून वारा वाहिला म्हणजे अभिसरणानें जाते; उघड्या आकाशाखालीं प्रारणानें जाते; आणि अंग ओलें असलें म्हणजे बाष्पीभवनानें जाते. जो कुत्रा सिमेंटच्या ओट्यावर, वाऱ्याच्या तोंडीं, उघड्या आभाळाखालीं, दंवानें भिजलेला निजतो, त्याच्या चारही वाटा एकाच वेळीं उघड्या असतात.

केंस स्वतः ऊब उत्पन्न करीत नाहींत; ते आंतली ऊब अडवितात. केंसांच्या मध्यें जी हवा कोंडून राहते ती उष्णतेची मंदवाहक असते, आणि खरें पांघरूण तीच होय. थंड प्रदेशांतील जातींच्या अंगावर केंसांचे दोन थर असतात. वरचा राठ व लांब, खालचा लोकरीसारखा मऊ व दाट. हिमालयांत मेंढ्यांच्या कळपांसोबत हिंडणारे कुत्रे या प्रकारचे आहेत. आपल्या पठारावरील गावठी कुत्र्याचे केंस त्या मानानें आंखूड व विरळ असतात, कारण आपल्या उन्हाळ्यास तेच योग्य. मुधोळ जातीचा कुत्रा, ज्याच्या जातीचें चित्र सन २००५ मध्यें भारताच्या टपाल तिकिटावर आलें, तो धांवण्यांत प्रसिद्ध. परंतु त्याच्या अंगावर चरबी थोडी, कातडी पातळ व केंस अगदीं आंखूड. असा कुत्रा डिसेंबरच्या रात्रीं उघड्यावर बांधून ठेवणें म्हणजे मनुष्यास सदऱ्यावर उभें करणें होय. आणि कोणाच्याही केंसांत पाणी शिरलें कीं कोंडलेली हवा निघून जाते व पांघरूण नाहींसें होतें. पाणी हवेपेक्षां सुमारें २५ पट अधिक वेगानें उष्णता वाहून नेतें. म्हणून भिजलेला केंसाळ कुत्राही कोरड्या आंखूड केंसांच्या कुत्र्यापेक्षां लवकर गारठतो.

लहान कुत्र्यास थंडी अधिक बाधते, आणि याचें कारण आमच्या विद्यार्थ्यांस भूमितीवरून काढितां येईल. एक फूट बाजूचा घन घ्या. त्याचें पृष्ठफळ ६ चौरस फूट व घनफळ १ घनफूट. आतां बाजू दोन फूट करा. पृष्ठफळ २४ चौरस फूट होईल व घनफळ ८ घनफूट होईल. म्हणजे लहान घनांत दर घनफुटामागें ६ चौरस फूट पृष्ठभाग, तर मोठ्यांत ३ चौरस फूटच. उष्णता उत्पन्न होते ती शरीराच्या आकारमानांत, आणि बाहेर जाते ती पृष्ठभागांतून. यास्तव जो लहान त्याचा तोटा मोठा. पिलूं आईच्या आधीं कां कुडकुडतें, हें यावरून कळेल.

कुत्रा स्वतःही उपाय करितो. तो अंगाचें वेटोळें करून नाक शेपटाखालीं घालतो, म्हणजे उघडा पृष्ठभाग कमी होतो. केंस उभे करितो, म्हणजे हवेचा थर जाड होतो. कुडकुडतो, म्हणजे स्नायूंच्या हालचालीनें उष्णता वाढवितो. त्याच्या पावलांची योजना तर विशेष आश्चर्यकारक आहे. पावलांकडे जाणाऱ्या रोहिण्या व तेथून परत येणाऱ्या नीला एकमेकींस अगदीं लागून असतात, त्यामुळें जाणारें उष्ण रक्त येणाऱ्या थंड रक्तास वाटेंतच ऊब देतें, आणि पाऊल थंड झालें तरी धड थंड होत नाहीं. ही रचना जपानांतील संशोधकांनीं सन २०११ मध्यें सूक्ष्मदर्शकानें पाहून वर्णिली. उत्पन्नकर्त्यानें मुक्या जिवांसाठीं किती बारीक काळजी घेतली आहे हें पाहून आपण नम्र झालें पाहिजे. परंतु त्यानें काळजी घेतली म्हणून आपण घेऊं नये, असा याचा अर्थ होत नाहीं. ह्या सर्व साधनांस मर्यादा आहे.

बर्फाळ देशांतील एक धडा

ती मर्यादा दाखविणारी एक सत्यकथा सांगतों. सन १९२५ च्या जानेवारींत अलास्कांतील नोम या दूरच्या गांवीं घटसर्पाची साथ उद्भवली. मुलें दगावूं लागलीं. औषधाची लस आगगाडीनें नेनाना या ठिकाणापर्यंत आली. पुढें रेल्वे नव्हती, समुद्र गोठला होता, आणि सुमारें १,०८५ किलोमीटरांची बर्फाची वाट शिल्लक होती. २० गाडीवान व सुमारें १५० कुत्रे यांनीं आळीपाळीनें घसरगाड्या ओढून २ फेब्रुवारीच्या पहांटे, साडेपांच दिवसांत, ती लस पोंचविली. लिओनार्ड सेपाला याच्या गाडीचा पुढारी टोगो यानें सर्वांत लांबचा व धोक्याचा टप्पा ओढिला, आणि शेवटच्या टप्प्यांतील बाल्टो याचा पुतळा त्याच वर्षीं न्यूयॉर्क शहरांत उभारण्यांत आला.

पुतळ्याची गोष्ट सर्वांस ठाऊक असते. आम्ही सांगणार ती त्याच प्रवासांतील दुसरी. चार्ली एव्हान्स नांवाच्या गाडीवानाचे दोन पुढारी कुत्रे आंखूड केंसांचे होते. अशा कुत्र्यांच्या जांघांस सशाचें कातडें बांधण्याची तेथें चाल असे. त्या दिवशीं तें बांधावयाचें राहून गेलें. दोन्ही कुत्रे हिमबाधेनें वाटेंत कोसळले, आणि पुढें एव्हान्सनें स्वतः गाडीच्या जुवास खांदा दिला. ते कुत्रे भित्रे नव्हते, आळशी नव्हते, आणि बर्फाच्या देशांतलेच होते. तरी एक हातभर कातडें नव्हतें म्हणून ते गेले. जेथें त्या शूर जनावरांस आंखूड केंस पुरले नाहींत, तेथें आपल्या अंगणांतील कुत्र्यास “देवानें केंस दिले आहेत” एवढ्यावर सोडून देणें बरोबर नाहीं. आपल्याकडे तशी हिमबाधा होत नाहीं. परंतु हवा सुमारें ७ अंशांच्या खालीं गेली म्हणजे लहान, रोड, म्हाताऱ्या व आजारी कुत्र्यांस खरोखर धोका असतो, आणि पिलांस तर त्याहून पुष्कळ उबदार हवेंतही असतो.

काय करावें

पहिली गोष्ट अंथरुणाची. अंथरूण जमिनीपासून चार बोटें तरी उंच असावें. शहाबादी फरशी व सिमेंट हीं अंगांतील ऊब शोषून घेतात. एक जुनी फळी किंवा फळांचें खोकें उपडें घालून त्यावर गोणपाट दुहेरी घालावा. खेड्यांत भाताचा पेंढा मिळतो. तो गोणपाटाहूनही उत्तम, कारण कुत्रा त्यांत रुतून बसतो व भोंवतीं हवा कोंडली जाते. घोंगडीचा तुकडा असल्यास फार चांगलें. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब धरिते. कापसाची गोधडी मात्र एकदां दमट झाली कीं निरुपयोगी होते. कोणतेंही अंथरूण रोज उन्हांत टाकावें व पेंढा आठ दिवसांनीं बदलावा. त्यानें पिसवा व गोचीडही कमी होतात.

दुसरी गोष्ट आडोशाची. कुत्र्यासाठीं लांकडी खोपटें करावयाचें तर तें फार मोठें करूं नये. त्यांत त्यास उभें राहतां यावें, वळतां यावें व वेटोळें करून निजतां यावें, इतकेंच पुरे. कारण तें खोपटें तापविणारी शेगडी म्हणजे तो स्वतःच आहे. हिंवाळ्यांत आपल्याकडे वारा बहुधा उत्तरेकडून व पूर्वेकडून येतो, आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून तोंड दक्षिणेस ठेवावें, त्यावर गोणपाटाचा पडदा सोडावा, आणि छपरास उतार द्यावा. घरांत जागा असेल तर पडवींत किंवा जिन्याखालीं निजूं देणें सर्वांत सोपें व बिनखर्चाचें. कुत्रा दाराच्या आंत निजला म्हणून राखण कमी होत नाहीं. त्याचें काम कानाचें व नाकाचें आहे, आणि गारठलेल्या जनावराचे कान अधिक तीक्ष्ण होतात असें नाहीं. मळ्यांत जे कुत्रे सांखळीनें बांधलेले असतात, त्यांची स्थिति सर्वांत वाईट. मोकळा कुत्रा निदान उकिरड्याच्या उबेस किंवा गंजीच्या आडोशास जातो. बांधलेल्यास तेंही करितां येत नाहीं. ज्यानें बांधलें त्यानेंच आडोसा दिला पाहिजे.

तिसरी गोष्ट अन्नपाण्याची. बाहेर राहणाऱ्या कुत्र्यास थंडींत नेहमींपेक्षां थोडें अधिक अन्न लागतें. संध्याकाळची भाकरी कोमट पाण्यांत किंवा मटणाच्या बिनमसाल्याच्या सुपांत कुसकरून द्यावी. अंडें मिळाल्यास द्यावें. थंडींत कुत्र्यास तहान लागत नाहीं हा समज चुकीचा आहे. पाणी रोज ताजें व शक्य तर कोमट ठेवावें. कांदा, लसूण व चॉकलेट हीं त्यास विषासारखीं आहेत, आणि द्राक्षें व बेदाणे यांनीं त्याचे मूत्रपिंड बिघडतात. द्राक्षांच्या गांवांतील मुलांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. कांहीं लोक थंडींत पिलास चमचाभर दारू पाजतात. हें अगदीं वर्ज्य आहे. दारूनें कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, क्षणभर ऊब वाटते, आणि शरीराची खरी उष्णता त्याच वाटेनें बाहेर जाते. शिवाय कुत्र्यास ती विषारी आहे. माणसांच्या तापाच्या व अंगदुखीच्या गोळ्याही त्यास कदापि देऊं नयेत.

चौथी गोष्ट स्नानाची व वस्त्राची. थंडींत स्नान क्वचित् घालावें. घातलेंच तर दुपारीं उन्हांत, कोमट पाण्यानें, आणि लगेच फडक्यानें पुसून पूर्ण कोरडें करावें. केंस कातरूं नयेत. म्हाताऱ्या, आजारी किंवा आंखूड केंसांच्या कुत्र्यास जुन्या स्वेटरची बाही कापून अंगरखा करितां येतो. पण तो गळ्याशीं व काखेंत आवळूं नये, आणि ओला होतांच काढावा. ओला अंगरखा नसल्यापेक्षां वाईट. म्हणून रस्त्यावरच्या कुत्र्यांस, ज्यांचा अंगरखा काढणारें कोणी नाहीं, वस्त्रापेक्षां कोरडा गोणपाट देणें शहाणपणाचें.

पांचवी गोष्ट अग्नीची. कोळशाची शेगडी बंद खोलींत ठेवून कुत्रा, पिलें किंवा माणसें यांनीं कधींही निजूं नये. अपुऱ्या हवेंत कोळसा जळतांना कार्बन मोनॉक्साइड वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशे पटींहून अधिक ओढीनें जोडला जातो. निजलेला जागाच होत नाहीं. कुत्रे ऊब शोधीत विझत्या शेकोटीच्या राखेंतही निजतात व भाजतात. म्हणून उठण्यापूर्वीं राखेवर पाणी टाकावें. मोटारीखालीं, इंजिनाच्या उबेस, कुत्रीं व मांजरें येऊन बसतात. सकाळीं गाडी सुरू करण्यापूर्वीं तिच्या पुढच्या झांकणावर दोन थापा मारण्याची संवय ज्यांच्या घरीं मोटार आहे त्या मुलांनीं वडिलांस लावावी.

पिलें, आणि गारठ्यावरील उपचार

आपल्या देशांतील गावठी कुत्र्यांचीं बाळंतपणें बरीचशीं पावसाळ्यानंतर व हिंवाळ्यांत होतात. कुत्रीचा गर्भकाळ सुमारें ६३ दिवसांचा. म्हणजे अतिशय कोंवळीं पिलें अतिशय थंड रात्रीं जन्मास येतात. पहिल्या आठवड्यांत पिलास कुडकुडतांही येत नाहीं. त्याचें सारें तापमान आईच्या पोटावर व भावंडांच्या अंगावर अवलंबून असतें. पाळलेल्या कुत्रीच्या बिछान्याजवळची हवा पहिल्या आठवड्यांत सुमारें ३० अंश असावी. रस्त्याच्या कडेस पिलें दिसलीं तर मुलांनीं तीं उचलून घरीं नेऊं नयेत. आई बहुधा अन्नाच्या शोधांत गेलेली असते, आणि तिच्याजवळून काढलेलें पिलूं वांचणें कठीण. त्यापेक्षां एक खोकें आडवें ठेवून त्यांत पेंढा किंवा गोणपाट घालावा, तोंड वाऱ्याच्या उलट बाजूस करावें, आणि दूर व्हावें. हें काम वडील माणसास बरोबर घेऊनच करावें, कारण पिलांची आई चावते. कोणताही कुत्रा चावला किंवा त्याचा नुसता दांत लागला तरी जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, आणि घरीं सांगून त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. मार बसेल या भीतीनें ही गोष्ट कोणीही लपवूं नये. पिसाळरोगाची लस वेळेवर घेतल्यास प्राण वांचतो. रोगाचीं लक्षणें उठल्यावर बहुधा कोणताही उपाय चालत नाहीं.

कुत्रा गारठला हें कसें ओळखावें? प्रथम तो कुडकुडतो, पाय उचलून धरितो, पाठ वांकवितो. पुढें सुस्त होतो, हिरड्या फिक्या पडतात, आणि कुडकुडणें थांबतें. हें थांबणें बरें झाल्याचें चिन्ह नव्हे. तें शरीराचें जळण संपल्याचें चिन्ह आहे. अशा वेळीं त्यास आडोशास आणून कोरडें करावें, घोंगडींत गुंडाळावें, आणि कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यांत गुंडाळून कुशींस लावाव्यात. ऊब हळूहळू द्यावी. आगीपुढें धरूं नये, जोरानें चोळूं नये. गारठलेल्या पिलास आधीं ऊब, मग दूध, हा क्रम पाळावा. थंड पोटांत दूध पचत नाहीं व ठसका लागून प्राण जाण्याची भीति असते. आणि शक्य तितक्या लवकर गुरांच्या दवाखान्यांत न्यावें. पिलांस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लसी टोंचवून घेतल्या म्हणजे डिस्टेंपर व पार्व्हो हे रोग टळतात.

एक आक्षेप

येथें विचारी पालक एक प्रश्न विचारतील. माणसें थंडींत कुडकुडत असतां कुत्र्यांची एवढी काळजी कशाला? हा प्रश्न हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं. आपल्याच मुलुखांत ऊसतोडीचीं कुटुंबें कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत फडाशेजारीं पाचटाच्या कोपींत राहतात, आणि त्यांचीं लेंकरें पहांटेच्या थंडींत उठतात. आमचें उत्तर सरळ आहे. घरांत देण्याजोगी एकच घोंगडी असेल तर ती मनुष्याच्या लेंकरास द्यावी. यांत संशय नाहीं. परंतु फाटका गोणपाट, मूठभर पेंढा, उपडें खोकें व उरलेली भाकरी हीं दिल्यानें कोणत्याही मनुष्याच्या तोंडचें किंवा अंगावरचें कांहीं काढिलें जात नाहीं. आणि दया ही रांजणांतल्या पाण्यासारखी नाहीं, कीं एका ओंजळीनें दुसऱ्याचा वांटा उणा व्हावा. ती संवय आहे. जो दारच्या कुत्र्याचें कुडकुडणें ऐकून कूस बदलावयास शिकला, तो पुढें शेजाऱ्याचें कुडकुडणेंही ऐकेनासा होतो. त्या कोपींकडे पाहिलें तर असें दिसेल कीं, तेथील लोक स्वतः उघड्यावर असूनही आपल्या कुत्र्यास भाकरीचा तुकडा देतात. आक्षेप घेणारे बहुधा पक्क्या घरांतले असतात.

सर्व धर्मांनीं हेंच सांगितलें आहे. धर्मराजानें स्वर्गाच्या दारांतही सोबतच्या कुत्र्यास सोडलें नाहीं. नामदेव महाराज पोळी नेणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवले, असें परंपरा सांगते. आणि आमच्या शुभवर्तमानांत धनवानाच्या दारीं पडलेल्या लाजराची जी गोष्ट आहे, तींत त्या दुःखी मनुष्याजवळ आले ते कुत्रेच. देशाचा कायदाही याच बाजूचा आहे. सन १९६० च्या प्राण्यांविषयींच्या क्रूरता-प्रतिबंधक कायद्याप्रमाणें धन्यानें आपल्या जनावरास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें, किंवा त्यास आंखूड अगर जड सांखळीनें गैरवाजवी वेळ बांधून ठेवणें हा अपराध आहे; आणि सन १९७६ मध्यें राज्यघटनेंत घातलेल्या मूलभूत कर्तव्यांत जिवंत प्राण्यांविषयीं दया बाळगणें हें प्रत्येक नागरिकाचें कर्तव्य सांगितलें आहे.

करून पाहण्याजोगा प्रयोग

विद्यार्थ्यांनीं दोन सारखे पत्र्याचे डबे घ्यावे व दोहोंत सारखेंच कोमट पाणी भरावें. एकास कोरडें फडकें गुंडाळावें, दुसऱ्यास ओलें. दोन्ही डबे संध्याकाळीं वाऱ्यांत ठेवून दर पांच मिनिटांनीं तापमापकानें पाहावें व वहींत मांडावें. मग दोन्ही डबे कोरड्या फडक्याचे करून एक फरशीवर व एक पेंढ्यावर ठेवावा आणि पुन्हां मांडावें. कुत्र्याविषयीं आम्हीं वर जें सांगितलें तें खरें कीं खोटें, हें त्या आंकड्यांवरून प्रत्येकानें स्वतः ठरवावें.

आणि एक सोपी परीक्षा पालकांसाठीं. आज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं, आपला कुत्रा जेथें निजतो त्या जागीं आपला उघडा तळहात टेकून पांच मिनिटें धरावा. तेथें पांच मिनिटें हात ठेवणें ज्यास जड वाटेल, त्यानें एक गोणपाट आणून घालावा आणि मग निजावयास जावें.